डोंगरावरच्या वावरात वाण पारखायचा कसा? कुटकी, ज्वारी, तूर आणि धुऱ्यावरचा चारा

मेळघाटी
२ मे, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी,

चिखलदऱ्याच्या पठारावर एका कोरकू गावात आम्ही अकरा घरांनी मिळून गेल्या खरिपात आपापल्या वावरात नवे वाण पेरून पाहिले. कुटकी या बारीक भरडधान्याचे दोन, ज्वारीचे तीन, तुरीचे दोन. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चाऱ्याची गवतं लावली. यंदा दुसरं वर्ष. पेरणीला महिना-सव्वा महिना आहे, म्हणून धागा आत्ताच काढतोय. पहिल्या वर्षी आमचं बरंच चुकलं. ते सगळं लिहितो, म्हणजे तुम्हाला नेमकं सांगता येईल.

आधी हा खटाटोप कशासाठी ते सांगतो. बियाण्याच्या पिशवीवर दिवस छापलेले असतात. ते मोजलेले असतात सपाटीवरच्या चांगल्या जमिनीत. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते, म्हणजे तेच पीक आमच्याकडे फुलायला आणि भरायला जास्त दिवस घेतं. पाऊस अकोल्याच्या जवळपास दुप्पट. श्रावणात धुई, म्हणजे धुकं, उठत नाही, ऊन दिसत नाही. पण पाऊस दुप्पट म्हणून ओल दुप्पट, असं मात्र नाही. उतारावर वीतभर माती आणि खाली मुरूम. पाणी खाली सिपनेला निघून जातं आणि दिवाळीपर्यंत वावर ठणठणीत कोरडं पडतं.

तुरीचंच बघा. ‘आशा’ म्हणजे आयसीपीएल ८७११९ हा खोल काळ्या जमिनीतला नावाजलेला वाण, पण त्याला १८० दिवसांच्या आसपास लागतात. आमच्या बरडावर तो फुलावर येईस्तोवर ओल संपलेली होती. बीडीएन ७११ दीडशे-पंचावन्न दिवसांचा, थंडीमुळे तोही लांबला, पण शेंगा धरून मोकळा झाला. ही गोष्ट कुठल्या पत्रकात वाचून आम्हाला कळली नसती. वावरात पेरली म्हणून कळली.

आता चुका.

पहिली आणि सगळ्यात मोठी. आम्ही प्रत्येक घरी नव्या वाणाच्या पुड्या दिल्या आणि “पेरून बघा” म्हणालो. घरचं जुनं बियाणं शेजारी, त्याच दिवशी, तेवढ्याच जागेत पेरायला सांगितलंच नाही. मग नवा वाण चांगला की वाईट, कशाच्या मानाने? दिवाळीनंतर बैठक घेतली तेव्हा सगळे म्हणाले, अच्छा है. आम्ही वहीत लिहिलं, चांगला. त्याच संध्याकाळी ज्या घरी जेवायला होतो तिथली आजी उखळात कुटकी कांडत होती. तिने मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले. निम्म्या दाण्यांना टरफल तसंच चिकटलेलं होतं. म्हणाली, आपली घरची दोन वेळा कांडली की पांढरी होते, ही तिसऱ्यांदा कांडतेय. बैठकीत का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाली, तुम्ही पिकली का ते विचारलं, कांडायला कशी आहे ते कुठे विचारलं? मला त्या रात्री झोप लागली नाही. दहा जणांच्या “अच्छा है”पेक्षा तो एक तळहात खरा होता.

दुसरी चूक पाखरांची. कुटकीचा लवकर येणारा वाण सगळ्यांच्या आधी पिकला. अख्ख्या शिवारात पिकलेला तेवढाच तुकडा, त्यामुळे डोंगरातली सगळी पाखरं त्याच्यावर. हाती काहीच आलं नाही, आणि आम्ही लिहिलं, ‘उत्पन्न नाही’. खरं तर सगळ्या गावाने तो पेरला असता तर पाखरं वाटली गेली असती. दोष वाणाचा नव्हता, तुकडा एकटा पडल्याचा होता.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते. कापणीनंतर पेंढ्यांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या, पेनने लिहून. दोन रात्री धुई पडली, शाई उतरली. दोन घरांच्या पेंढ्या कोणत्या वाणाच्या हे कुणालाच सांगता येईना. एका घराची वर्षभराची मेहनत आमच्या पेनापायी गेली.

एक गोष्ट मात्र चांगली झाली, ती कडब्याची. जानेवारीत एका अंगणात तीन वाणांचा कडबा, पाच-पाच किलो तोलून, तीन ठिकाणी टाकला आणि बैलजोडी मोकळी सोडली. दोन्ही बैल आधी घरच्या ज्वारीच्या कडब्याकडे गेले. तो संपवून मग सीएसव्ही २० कडे वळले, हा दाणा आणि कडबा दोन्हींसाठीचा सरळ वाण आहे. तिसरा संकरित होता. दाण्याला तिघांत तोच भारी ठरला होता, कणीस बघून सगळे खूष होते. बैलांनी त्याची पानं ओरबाडली आणि जाड धाटं तशीच ठेवली. संध्याकाळी उरलेलं तोललं तर निम्म्याच्या वर शिल्लक. घरधनी उभा राहून बघत होता. तो काही बोलला नाही, पण यंदा कोणतं बियाणं हवं हे त्याने त्याच दिवशी ठरवलं.

यंदा आणखी पाच-सहा घरं येतो म्हणतात. मला तीन गोष्टींत मदत हवी आहे. पेरणीची मांडणी कशी करावी, म्हणजे उताराचा वरचा-खालचा फरक वाणाच्या माथी बसणार नाही. पाणी नसलेल्या धुऱ्यावर कोणतं गवत टिकेल, कारण जंगलात चराईवर बंधनं आहेत आणि गवळ्यांच्या म्हशींना चारा पुरत नाही. आणि बायांचं मत खरं-खरं कसं मिळवावं.

---

वऱ्हाडी_वावर
२ मे, रात्री १०:४०

भाऊ, लय कामाचं लिहिलं. मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. आमचं वावर सपाट हाय, पण दुखणं तेच. जमीन चोपण, पाणी खारं, अन् शिफारस येते ती गोड्या पाण्याच्या जमिनीतली.

आमच्या इकडं एका कंपनीनं रोडाच्या कडंनं प्लॉट लावला होता. जागा निवडली गावातली सगळ्यात चांगली, खत दिलं दुप्पट, फवारणीले त्यायचाच माणूस. सोयाबीन पाहून मी अख्ख्या सहा एकरात तेच पेरलं. माह्या वावरात त्याची गत पाहण्यासारखी नव्हती. शेजारी दोन काकरं तरी जुन्या बियाण्याची टाकली असती त् मले कारण समजलं असतं. नाई टाकली. त्या सालचं कर्ज फेडाले तीन वर्षं लागली.

म्हून सांगतो, घरचं बियाणं शेजारी पेरल्याबिगर कोणालेच पुडी देऊ नका.

अन् कडब्याचं तुम्ही बरोबर पकडलं. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, अन् ज्वारीसंगं कडबा गेला. आता आमची ढोरं कुटारावर, मंजे मळणीतल्या भुश्यावर हायत. पोळ्याले बैल उभे करतो तवा बरगड्या मोजता येतात. तोरणाखाली चार जोड्या राह्यल्या.

---

आकडेमोड
३ मे, सकाळी ७:२०

मांडणीबद्दल लिहितो, कारण सगळी मेहनत तिथे वाया जाऊ शकते.

उतारावर माती वरून खाली वाहते. वरचा पट्टा हलका, खालचा जड. एक वाण वर आणि दुसरा खाली पेरला तर तुम्ही माती मोजताय, वाण नाही. म्हणून उताराला आडवे पट्टे पाडा. वरचा पट्टा, मधला पट्टा, खालचा पट्टा. प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण शेजारी-शेजारी यायला हवेत, घरच्या वाणासकट. पट्ट्यात कोणता वाण कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्या मनाने ठरवलं की आवडता वाण नकळत चांगल्या जागी जातो, हे मी स्वतःच्या हातून होताना पाहिलं आहे.

तुकडा पाच मीटर बाय चार मीटर ठेवा, म्हणजे वीस चौरस मीटर. हिशेब सोपा होतो. त्यात एक किलो दाणा निघाला तर हेक्टरी पाच क्विंटल, एकरी साधारण दोन. कापताना कडेच्या ओळी सोडा आणि जेवढी जागा कापली तेवढीच हिशेबात धरा. कडेच्या झाडांना उजेड आणि जागा जास्त मिळते, ती नेहमी जोमदार दिसतात.

प्रत्येक घरी सगळे वाण पेरायची गरज नाही. १९९० च्या दशकात मालावीत सीग्लिंड स्नॅप यांनी एक पद्धत बसवली, तिला ‘आई-बाळ चाचणी’ म्हणतात. गावात एका ठिकाणी ‘आई’ प्लॉट, त्यात सगळे वाण, तिन्ही पट्ट्यांत, नीट मोजमाप. घरोघरी ‘बाळ’ प्लॉट, त्यात दोन-तीनच वाण आणि घरचा एक, आणि मशागत त्या घराच्या रीतीने. आईकडून आकडा मिळतो, बाळांकडून खरं आयुष्य कळतं.

याहून सोपी रीत पुढे जेकब फान एटन यांच्या गटाने काढली. प्रत्येक शेतकऱ्याला तीनच वाणांच्या पुड्या द्यायच्या, नावं न सांगता. त्याने एवढंच सांगायचं, तिघांत सरस कोणता आणि निकृष्ट कोणता. बिहारमध्ये गव्हाच्या वाणांसाठी ही रीत वापरली गेली. वजनकाटा नसला तरी चालतो, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही जमतं, आणि घरं पुरेशी असली तर सगळ्यांची उत्तरं एकत्र करून वाणांचा क्रम लागतो. तुमच्या सोळा-सतरा घरांत सहा-सात वाण सहज बसतील.

चिठ्ठ्यांचं म्हणाल तर कागद नकोच. डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापा आणि खिळ्याने आकडा ठोका. पट्टी पेंढीच्या आत बांधा, दुसरी बाहेर.

---

सिपनाकाठ
३ मे, दुपारी २:०५

दादा, मी धारणीकडची. आमच्या बचत गटाने दोन वर्षं हेच केलं, म्हणून हक्काने लिहिते.

बैठकीत पुरुष असले की आमच्या बाया बोलत नाहीत. तुम्ही कितीही आग्रह करा. आम्ही काय केलं, प्रत्येक वाणापुढे एक टोपली ठेवली आणि प्रत्येकीच्या हातात दहा चिंचोके दिले. जास्त आवडला त्याच्या टोपलीत जास्त टाकायचे. बोलायचं नाही, फक्त टाकायचे. एकदा उभ्या पिकात, एकदा मळणीनंतर, एकदा कांडून झाल्यावर आणि एकदा शिजवून खाल्ल्यावर. चारही वेळा वेगळे टाका. उभ्या पिकात जो पहिला होता तो ताटात तिसरा आला, असं आमच्याकडे झालं. शिजवलेलं सकाळी खाऊन बघायचं विसरू नका. रात्रीची कुटकी सकाळी मुलांना शाळेआधी देतो, ती कडक झाली तर मुलं ताट सारून देतात.

आणि चाऱ्याबद्दल एक गोष्ट, जी कुणी वहीत लिहीत नाही. गवत कापणारी, भारा बांधून डोक्यावर आणणारी बाईच असते. संकरित नेपिअर आम्ही लावलं. उत्पन्न भरपूर, पण पानांच्या कडा धारदार, कूस अंगाला लागते, मान आणि हात सोलून निघतात. ओला भारा इतका जड की तेवढ्याच चाऱ्याला दोन खेपा. माझ्या जावेने एक दिवस विळा ठेवला आणि म्हणाली, हे गवत ज्याने आणलं त्याने कापावं. यंदा आम्ही ते फक्त घराजवळच्या सांडपाण्यावर ठेवलंय, लांबच्या धुऱ्यावरून काढलं. तेव्हा तुमच्या वहीत ‘कापायला कसं, वाहायला कसं’ असा एक रकाना करा आणि तो कापणारीला विचारून भरा.

आजीचं वाचून मला माझी सासू आठवली. तिच्या हातालाही असेच घट्टे होते.

---

बांधीवाला
३ मे, रात्री ८:३०

मी नागभीड तालुक्यातला, धानाच्या पट्ट्यातला. आमच्याकडे डोंगर नाही, बांध्या आहेत. पण या धाग्यावर एक नाव यायलाच हवं.

आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, त्यातल्या पुन्हा निवडल्या. अशी काही वर्षं. दाणा बारीक, भात चवीला चांगला, उतारा बरा. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. आज विदर्भात आणि बाहेरही एचएमटी तांदूळ कोण खात नाही? दादाजी २०१८ साली गेले. शेवटपर्यंत परिस्थिती बेताचीच राहिली.

मी हे एवढ्यासाठी सांगतो की वाण पारखायची नजर वावरात आधीपासून आहे. ‘परे’ म्हणजे धानाची रोपं टाकताना, रोवणा करताना, निंदताना माणूस रोपाजवळ वाकलेला असतो. वाकलेल्या माणसाला जे दिसतं ते उभ्याने दिसत नाही.

तुमच्या अकरा घरांना हेही सांगा की २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पुन्हा पेरायचा, एकमेकांना द्यायचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. तुमच्या आजीची कुटकीसुद्धा ‘शेतकऱ्यांचा वाण’ म्हणून नोंदवता येते. त्याचा विचार करा. वेळ गेली की हळहळ उरते.

---

प्रक्षेत्र_सहायक
४ मे, सकाळी ६:५०

मी एका संशोधन केंद्राच्या शेतावर पंधरा वर्षं काम केलं आहे. धागा आवडला, पण एका गोष्टीवर बोलायलाच हवं. केंद्रावरची चाचणी म्हणजे खोटी चाचणी, असा सूर वर काही ठिकाणी लागतोय. तो मला पटत नाही.

अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात नवा वाण साधारण तीन वर्षं, अनेक केंद्रांवर, प्रचलित वाणाच्या शेजारी पेरला जातो. जमीन सपाट आणि एकसारखी मुद्दाम घेतात, कारण वाणा-वाणातला फरक स्वच्छ दिसायला हवा. रोगाला कितपत टिकतो ते वेगळं पाहतात. हे काम गावात होणार नाही. उद्या तुमच्या पठारावर तुरीला मर लागली तर कोणता वाण मर सोसतो, हे तुम्ही त्याच नोंदींत शोधाल. पण केंद्रावर एक गोष्ट होत नाही हे मी मान्य करतो. उतारावरचा मुरूम, उशिराची पेरणी, खत न परवडणारं घर, हे तिथे येत नाही. आणि कांडण तर अजिबात नाही.

तेव्हा दोन्ही हवं, आणि दोन्ही जोडायची उदाहरणं आहेत. ‘कलिंग ३’ हा ओडिशातला उपऱ्हाटीचा, म्हणजे पाणी न साठणाऱ्या उंच जमिनीचा धान. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या भिल्ल गावांसाठी त्याची शिफारसच नव्हती. १९९० च्या दशकात तिथे शेतकऱ्यांच्या वावरात बरेच वाण देऊन पाहिले, तेव्हा लोकांनी हाच उचलला. लवकर निघतो, म्हणजे पाऊस संपायच्या आत घरात येतो, आणि दाणा बारीक. पण त्याच शेतकऱ्यांनी त्याची खोडही सांगितली की तो लोळतो, मुळं कमजोर आहेत. मग रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठासोबतच्या कामात कलिंग ३ चा आयआर ६४ शी संकर झाला आणि त्यातून ‘अशोका २०० एफ’ आणि ‘अशोका २२८’ निघाले. शेतकऱ्याची तक्रार पैदासकाराच्या, म्हणजे नवा वाण तयार करणाऱ्याच्या, वहीत गेली म्हणून हे झालं.

नेपाळमध्ये तर याहून उंचावर. अन्नपूर्णेच्या वाटेवर छोमरोंग गाव आहे, दोन हजार मीटरच्या आसपास. तिथला स्थानिक धान थंडी सोसतो, पण त्याचा दाणा तांबडा. लोकांना पांढरा हवा होता. लुमलेच्या कृषी संशोधन केंद्राने त्याचा ‘फुजी १०२’ या जपानी वाणाशी संकर केला आणि अजून स्थिर न झालेल्या पिढ्यांचं बियाणंच छोमरोंग आणि घांद्रुकच्या शेतकऱ्यांच्या हाती दिलं. निवड त्यांनी केली. तो वाण ‘माछापुच्छ्रे ३’ नावाने १९९६ साली प्रसारित झाला.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या वहीची एक प्रत कृषी विज्ञान केंद्रात आणि अकोल्याच्या विद्यापीठात द्या. ‘टरफल निघत नाही’ हे वाक्य पैदासकारापर्यंत पोचू द्या. त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं. कुटकीत जबलपूरचा जेके ८ आणि राहुरीचा ‘फुले एकादशी’ हे दोन्ही घ्या. पहिला लवकर येतो, दुसरा उशिरा. पाखरांचा प्रश्न दोन्हींत कसा वेगळा पडतो ते दिसेल. लवकर येणाऱ्याला पिकताना जाळी किंवा राखण द्या, आणि पाखरांचं नुकसान वेगळं लिहा, उत्पन्नात मिसळू नका.

---

गोठ्यातून
४ मे, रात्री ९:१०

जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून चाऱ्यापुरतंच लिहितो.

हिरवा चारा ओला तोलून तुलना करू नका. नेपिअरमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. प्रत्येक कापणीला एक किलो नमुना घ्या, बारीक करा, कडक उन्हात वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा आणि मग तोला. तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला साडेसात ते नऊ किलो कोरडा चारा लागतो. हिशेब त्याच्याशी लावा, म्हणजे एका धुऱ्यावर किती दिवस निघतील ते कळेल.

संकरित नेपिअर हा बाजरी आणि नेपिअरचा संकर, त्याला उगवणारं बी धरत नाही, ठोंबानेच लावावा लागतो. पाणी आहे तिथे त्याला तोड नाही. पाणी नसलेल्या मुरमावर तो मे महिन्यात मरतो. अशा धुऱ्याला मारवेल गवत बघा, माती धरून ठेवते आणि जनावरं आवडीने खातात. सोबत स्टायलो, ते द्विदल आहे, हलक्या जमिनीत येतं. बी कठीण असतं, गरम पाण्यातून काढून मग रात्रभर भिजवा. दशरथ घासही लावून पाहा, पण त्याला कोवळेपणी शेळ्यांपासून जपा.

बहुवर्षीय गवताला पहिल्या वर्षाच्या वजनावर पास-नापास करू नका. लावलेले ठोंब मोजून ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर किती फुटले ते मोजा. माझ्या मते कोरडवाहू डोंगरात हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

आता धोक्याचं. ज्वारीचे नवे वाण चाचणीत आहेत म्हणून पोटऱ्यात यायच्या आधी कापून घालायचा मोह होतो. घालू नका. कोवळ्या ज्वारीने किराळ लागते, म्हणजे तिच्यातल्या विषाची बाधा होते, आणि पावसाने ताण दिला असेल किंवा खोडव्याला कोवळे फुटवे आले असतील तर जास्तच. जनावर तासाभरात जातं. फुलोऱ्यानंतर धोका कमी होतो. सुबाभूळ देत असाल तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच.

बैलांची परीक्षा तुम्ही घेतली ती फार चांगली. फक्त दुसऱ्या दिवशी पेंढ्यांच्या जागा बदला. बैल सवयीने एकाच कोपऱ्याकडे जातात.

---

मेळघाटी
५ मे, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी गावात बसून हे सगळं वाचून दाखवलं, जमेल तेवढं कोरकूत.

प्रक्षेत्र_सहायक दादा, तुमचं बरोबर आहे. माझा राग पिशवीवरच्या आकड्यावर होता, केंद्रावर नाही. वहीची प्रत नक्की देणार.

सिपनाकाठ ताई, चिंचोके आवडले. इथल्या बाया म्हणाल्या, मोहाच्या टोळंब्या, म्हणजे बिया, घेऊ, त्या घरात आहेतच. आणि ‘वाहायला कसं’ हा रकाना ऐकून मागून कुणीतरी मोठ्याने “हां!” म्हणालं.

बांधीवाला भाऊ, घरच्या कुटकीच्या नोंदणीचं मी चार ठिकाणी विचारतोय.

एक शंका उरली. सीएसव्ही २० आवडला तर त्याचं बियाणं घरी राखता येईल ना? आणि तुरीचं?

---

आकडेमोड
५ मे, रात्री ११:००

ज्वारीचा सरळ वाण राखता येतो. पण शेजारच्या ज्वारीचा पराग थोडाफार येतोच, म्हणून तुकड्याच्या मधली चांगली कणसं फुलोऱ्याआधी कागदी पिशवीने झाका आणि त्यांचंच बियाणं ठेवा. तुरीवर मधमाश्या फिरतात, तिथे मिसळ जास्त होते. दोन तुरींचे तुकडे शेजारी असतील तर त्यातलं बियाणं पेरणीला ठेवूच नका, ते खायला. बियाण्यासाठी एक वाण वेगळ्या, लांबच्या वावरात घ्या. कुटकीचं परागीभवन तिच्या तिच्यातच होतं, तिची काळजी कमी. संकरित ज्वारीचं बियाणं राखलं तर पुढच्या वर्षी झाडं उंच-बुटकी निघतील, ते टाळा.

---

मेळघाटी
२३ जून, रात्री ९:४५

कळवायचं राहिलं होतं. मृग कोरडा गेला, पाऊस परवा आला. काल आणि आज पेरणी.

गेल्या वर्षीच्या धुऱ्यावर ठोंब मोजले. नेपिअरच्या चाळीसपैकी सहा जिवंत, तेही खालच्या कोपऱ्यात, जिथे झिरपा आहे. मारवेलच्या चाळीसपैकी एकतीसला कोंब आहेत. बाया स्वतः मोजायला आल्या होत्या, आकडा त्यांनीच लिहायला लावला.

‘आई’ प्लॉट शाळेमागच्या वावरात, उताराला आडवे तीन पट्टे. चिठ्ठ्या चौथीतल्या एका मुलीने काढल्या. पत्र्याच्या पट्ट्या ठोकून तयार आहेत. कुटकीचं बियाणं फोकणार होतो, पण मोजमापासाठी या वर्षी ओळीत पेरलं, एकरी तीन-चार किलोच्या हिशेबाने, वाळूत मिसळून.

आजी सकाळीच आली. तिच्या घरचं बियाणं आम्ही आधीच मोजून पुडीत भरलेलं होतं, सात नंबर. तिने ती पुडी उघडायला लावली, दाणे हातावर घेतले, फुंकर मारली आणि म्हणाली हे माझं नाही, हे कोठीतलं आहे, खायचं. मग कमरेची गाठ सोडून दुसरी मूठ काढली. कणसातून निवडून, राखेत घालून, चुलीवरच्या शिंक्यात ठेवलेलं वेगळं बियाणं. दोन्ही दाणे शेजारी ठेवले तर फरक मलाही दिसला.

तिन्ही पट्ट्यांत सात नंबर तिनेच पेरला.